घरखर्चाचे रोख अंदाजपत्रक : पाकीट पद्धतीचे अर्थशास्त्र

अर्थशास्त्राच्या अभ्यासक्रमात 'अर्थसंकल्प' हा शब्द आला की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर संसद, वित्तमंत्र्यांचे भाषण आणि वित्तीय तूट या गोष्टी उभ्या राहतात. वस्तुतः देशातील प्रत्येक कुटुंब दर महिन्याला स्वतःचा अर्थसंकल्प मांडत असते. कोणी वहीत, कोणी मनात. मर्यादित उत्पन्न, अमर्याद गरजा आणि त्यांत करावयाची निवड हा अर्थशास्त्राचा मूळ प्रश्न घराच्या उंबरठ्याच्या आतच सुरू होतो. घरखर्चाच्या व्यवस्थापनाची सर्वांत सोपी रीत, म्हणजे उत्पन्नाची रोख रक्कम हाती येताच ती निरनिराळ्या पाकिटांत विभागून ठेवणे, या लेखात एका उदाहरणाच्या आधारे समजावून घ्यावयाची आहे. या रीतीतून सार्वजनिक वित्त, वर्तनवादी अर्थशास्त्र आणि ग्रामीण कर्जबाजारीपणा या तीनही विषयांतील काही महत्त्वाच्या संकल्पना स्पष्ट होतात.

जुनी रीत, नवे नाव

ही पद्धत आपल्याकडे नवीन नाही. तांदळाच्या डब्यात दूधवाल्याचे पैसे, डाळीच्या डब्यात मुलांच्या फीचे पैसे आणि देवघराच्या खणात सणासुदीचे पैसे ठेवणारी गृहिणी पाकीट पद्धतच वापरत होती. प्रत्येक रकमेला हेतू नेमून दिलेला असे आणि एका डब्यातील पैसा दुसऱ्या कामासाठी काढताना तिला मनाशी हिशेब द्यावा लागे.

कौटुंबिक जमाखर्चाच्या शास्त्रीय अभ्यासालाही मोठी परंपरा आहे. जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्ये कुटुंबांच्या खर्चाचा अभ्यास करून असा निष्कर्ष काढला, की उत्पन्न वाढत जाते तसतसे अन्नावरील खर्चाचे एकूण खर्चातील प्रमाण घटत जाते. हाच 'एंगेलचा नियम' होय. महाराष्ट्रात हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाचा जो अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात शेतकरी कुटुंबांची मिळकत, खर्च आणि कर्ज यांचा तपशील होता. १९२३ मध्ये फिंडले शिरास यांचा मुंबईतील कामगारांच्या कौटुंबिक अंदाजपत्रकांवरील अहवाल प्रसिद्ध झाला. १९५० मध्ये प्रा. प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण सुरू झाले आणि कुटुंबाचा खर्च हा राष्ट्रीय आकडेवारीचा एक आधार बनला.

या मालिकेतील २०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार दरडोई मासिक उपभोग खर्च ग्रामीण भागात ४,१२२ रुपये, तर शहरी भागात ६,९९६ रुपये होता. एकूण खर्चात अन्नाचा वाटा ग्रामीण भागात ४७.०४ टक्के व शहरी भागात ३९.६८ टक्के होता. २०११-१२ मध्ये हे प्रमाण अनुक्रमे ५२.९० व ४२.६२ टक्के होते. एंगेलचा नियम भारतातही प्रत्ययास येतो, असे यावरून म्हणता येईल.

एका कुटुंबाचे उदाहरण

जिल्ह्याच्या ठिकाणी राहणाऱ्या चार जणांच्या एका कुटुंबाची कल्पना करू. त्याचे मासिक निव्वळ उत्पन्न २८,००० रुपये आहे. (आकडे केवळ स्पष्टीकरणासाठी घेतले आहेत.) दरमहाचा खर्च असा :

१) घरभाडे : ५,००० रुपये
२) धान्य, किराणा, तेल : ६,५०० रुपये
३) दूध, भाजीपाला, फळे : ४,००० रुपये
४) वीज, गॅस, मोबाईल : २,००० रुपये
५) प्रवास : १,८०० रुपये
६) शिकवणी व वह्या : १,५०० रुपये
७) औषधे : ८०० रुपये
८) किरकोळ : १,९०० रुपये

एकूण खर्च २३,५०० रुपये होतो आणि दरमहा ४,५०० रुपये शिल्लक दिसते. ही शिल्लक उत्पन्नाच्या १६ टक्के आहे. वर्षाला ५४,००० रुपये बचत करणारे हे कुटुंब सुस्थितीत आहे, असा कोणाचाही समज होईल.

परंतु वरील यादीत वर्षातून एकदाच येणारे खर्च नाहीत. ते असे आहेत : जूनमध्ये शाळेची फी, पुस्तके व गणवेश १६,००० रुपये, ऑक्टोबरअखेर दिवाळी व कपडे १२,००० रुपये, फेब्रुवारीत घरातील व दुचाकीची दुरुस्ती ६,००० रुपये, मार्चमध्ये विम्याचा हप्ता ६,००० रुपये आणि मे महिन्यात गावाकडचा प्रवास व लग्नकार्यातील आहेर ८,००० रुपये. या खर्चांची बेरीज ४८,००० रुपये, म्हणजे दरमहा ४,००० रुपये होते. तेव्हा या कुटुंबाची खरी शिल्लक ४,५०० रुपये नसून केवळ ५०० रुपये आहे. बारा महिन्यांच्या सरासरीने त्याचा मासिक खर्च २७,५०० रुपये, दरडोई ६,८७५ रुपये येतो आणि त्यात अन्नाचा वाटा सुमारे ३८ टक्के आहे. म्हणजेच हे कुटुंब देशातील सरासरी शहरी कुटुंबाच्या जवळपासचे आहे.

चुकलेल्या हिशेबाची किंमत

समजा, या कुटुंबाने दरमहा दिसणारी ४,५०० रुपयांची शिल्लक खरी मानली. अशी निर्हेतुक शिल्लक हातात फार काळ टिकत नाही. बाहेरचे जेवण, एखादी वस्तू, कोणाला दिलेले उसने यांत ती विरून जाते. जून उजाडतो आणि फीसाठी १६,००० रुपये लागतात. बँकेकडून तातडीने कर्ज मिळाले नाही, तर सावकाराकडून शेकडा ३ रुपये दरमहा दराने रक्कम घ्यावी लागते. पहिल्या महिन्याचे व्याजच ४८० रुपये होते. कुटुंबाची खरी शिल्लक ५०० रुपये! मुद्दलापोटी फक्त २० रुपये जमा होतात.

दरमहा ५०० रुपयांप्रमाणे परतफेड चालू ठेवल्यास, मासिक शिलकीवर व्याज आकारले असता, हे कर्ज फिटण्यास सुमारे नऊ वर्षे लागतात आणि १६,००० रुपयांपोटी जवळजवळ ५४,५०० रुपये भरावे लागतात. तेही पुढच्या जूनमध्ये दुसरे कर्ज काढावे लागले नाही तर. वार्षिक उत्पन्न खर्चापेक्षा जास्त असूनही कुटुंब कर्जात का बुडते, याचे उत्तर या गणितात आहे. कर्जाचे कारण उधळपट्टीच असते असे नाही. ज्या खर्चाची तारीख आधीच ठाऊक होती, त्याची तरतूद न होणे हेही तितकेच मोठे कारण असते.

पद्धतीचे नियम

पाकीट पद्धतीचे कार्य पुढील नियमांवर आधारित आहे.

१) वार्षिक खर्चाची रक्कम सर्वप्रथम बाजूला काढावी. आपल्या उदाहरणात पगार होताच ४,००० रुपये 'वार्षिक निधी'त जावेत. महिनाअखेर जे उरेल ते बाजूला टाकू, असे म्हटल्यास काहीच उरत नाही.

२) ज्या खर्चात दरमहा निवडीला वाव नाही, उदाहरणार्थ घरभाडे व वीजबिल, त्यांची रक्कम बँक खात्यात राहू द्यावी. किराणा, दूध-भाजी, प्रवास व किरकोळ खर्च यांसाठीच रोख रकमेची पाकिटे करावीत. पाकिटे पाच-सहांपेक्षा अधिक असू नयेत. अन्यथा हिशेबाचाच कंटाळा येतो.

३) रोजच्या खर्चाचे पाकीट आठवड्यांत विभागावे. दूध-भाजीच्या ४,००० रुपयांतून चार आठवड्यांसाठी प्रत्येकी ९०० रुपये आणि उरलेल्या दोन-तीन दिवसांसाठी ४०० रुपये ठेवल्यास महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातील ओढाताण टळते.

४) एका पाकिटातून दुसऱ्यात रक्कम नेण्यास मनाई नाही, मात्र ती वहीत लिहूनच न्यावी. सलग तीन महिने एकच पाकीट रिकामे होत असेल, तर दोष खर्च करणाऱ्याचा नसून अंदाजाचा आहे असे समजून रक्कम बदलावी.

५) महिनाअखेर पाकिटात उरलेली रक्कम 'अडीअडचणीचा निधी' म्हणून जमा करावी.

६) पाकिटांची रक्कम घरातील कमावत्या आणि घर चालविणाऱ्या व्यक्तींनी एकत्र बसून ठरवावी. ज्या घरात खर्चाची जबाबदारी एकीकडे आणि निर्णयाचा अधिकार दुसरीकडे असतो, तेथे कोणतीही पद्धत टिकत नाही.

अंदाजपत्रक आणि रोख अंदाजपत्रक यांतील फरक

येथे एक सूक्ष्म परंतु महत्त्वाचा मुद्दा विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावा. वर्षाची बेरीज जुळली म्हणजे प्रत्येक महिना जुळतोच असे नाही.

आपल्या कुटुंबाने वार्षिक निधी जुलैपासून सुरू केला असे समजू. ऑक्टोबरपर्यंत १६,००० रुपये जमतात. दिवाळीनंतर ४,००० उरतात. फेब्रुवारीपर्यंत २०,००० होतात. दुरुस्तीनंतर १४,००० राहतात. मार्चची रक्कम मिळवून व विम्याचा हप्ता भरून १२,००० उरतात. एप्रिल व मेची भर पडून २०,००० होतात. प्रवास व आहेर वजा जाता १२,००० राहतात. जूनचे ४,००० मिळविल्यावर बरोबर १६,००० रुपये होतात आणि फी भरली जाते. निधी शून्यावर येतो, परंतु कर्ज काढावे लागत नाही.

आता तीच योजना जानेवारीत सुरू केली तर? फेब्रुवारीच्या दुरुस्तीनंतर २,००० रुपये उरतात, मार्चच्या हप्त्यानंतर काहीच उरत नाही, मेमधील खर्चानंतरही शून्यच. जूनमध्ये हातात ४,००० रुपये आणि गरज १६,००० रुपयांची, म्हणजे १२,००० रुपयांची तूट. उत्पन्न तेच, खर्च तेच, शिस्तही तीच; बदलला तो केवळ प्रारंभाचा महिना. म्हणून सर्वांत मोठा वार्षिक खर्च आटोपताच निधीस आरंभ करणे इष्ट होय. महाराष्ट्रातील बहुसंख्य शाळांचे वर्ष जूनमध्ये सुरू होते, तर केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या शाळांचे एप्रिलमध्ये. तेव्हा प्रत्येक कुटुंबाने आपले कॅलेंडर स्वतः आखावे. मधल्या काळात सुरुवात करावी लागल्यास पहिल्या वर्षी फीचे हप्ते पाडून घेणे किंवा मेमधील खर्च कमी करणे हा मार्ग राहतो.

वार्षिक जमाखर्चाचा मेळ आणि रोखतेचा मेळ या दोन भिन्न गोष्टी आहेत. शासनालाही हीच अडचण येते. करांची जमा ठरावीक महिन्यांत अधिक असते, वेतन व निवृत्तिवेतन मात्र दरमहा द्यावे लागते. ही तात्पुरती तफावत भरून काढण्यासाठी रिझर्व्ह बँक शासनास 'अर्थोपाय अग्रिम' देते. तदर्थ कोषागार विपत्रांची जुनी पद्धत बंद होऊन केंद्र शासनासाठी ही व्यवस्था १ एप्रिल १९९७ पासून अमलात आली. कुटुंबाला अशी रिझर्व्ह बँक उपलब्ध नसते. त्याची जागा बहुधा सावकार घेतो.

शासनाची पाकिटे

भारतीय राज्यघटनेतील वित्तीय तरतुदी पाकीट पद्धतीच्या दृष्टीने वाचल्यास त्या सहज लक्षात राहतात. अनुच्छेद ११२ नुसार वार्षिक वित्तीय विवरणपत्र संसदेपुढे मांडले जाते. शासनाचा महसूल व कर्जाऊ रकमा अनुच्छेद २६६(१) मधील संचित निधीत जमा होतात आणि अनुच्छेद ११४ खालील विनियोजन कायद्याशिवाय त्यातून रक्कम काढता येत नाही. भविष्यनिर्वाह निधीसारखा इतरांचा पैसा अनुच्छेद २६६(२) मधील लोकलेख्यात राहतो. अनपेक्षित खर्चासाठी अनुच्छेद २६७ मध्ये आकस्मिकता निधी आहे. केंद्राच्या या निधीची मर्यादा २०२१ मध्ये ५०० कोटी रुपयांवरून ३०,००० कोटी रुपये करण्यात आली. मंजूर रक्कम अपुरी पडल्यास अनुच्छेद ११५ नुसार पूरक मागणी मांडावी लागते. घरातील वहीत नोंद करून रक्कम एका पाकिटातून दुसऱ्यात नेणे, हे शासनातील पुनर्विनियोजनाचेच छोटे रूप आहे.

एका बाबतीत मात्र कुटुंबाने शासनाचे अनुकरण करू नये. शासकीय अनुदान ३१ मार्चअखेर खर्च न झाल्यास व्यपगत होते, म्हणून मार्चमध्ये खर्चाची घाई होते. घरातील पाकिटात उरलेला पैसा पुढे नेता येतो. तो संपविण्याची घाई करण्याचे कारण नाही.

पैशावरील 'नाव' आणि त्याचे अर्थशास्त्र

पारंपरिक सिद्धांतानुसार पैसा अदलाबदलक्षम असतो. किराण्याची शंभराची नोट आणि प्रवासाची शंभराची नोट यांत भेद नाही. मग पाकिटावर नाव लिहिल्याने फरक का पडावा? २०१७ चे अर्थशास्त्रातील नोबेल पारितोषिक मिळालेले रिचर्ड थेलर यांनी याचे उत्तर 'मानसिक हिशेब' या संकल्पनेतून दिले. माणसे पैशाला मनातल्या मनात खात्यांत विभागतात आणि एका खात्याचा पैसा दुसऱ्या कारणासाठी वापरताना कचरतात. शुद्ध तर्काच्या दृष्टीने ही विसंगती असली तरी संयमासाठी ती उपयुक्त ठरते. रोख रक्कम मोजून देताना ती कमी होत असल्याची जाणीव होते; पाकीट रिकामे झालेले दिसते.

परंतु याच मानसिक हिशेबामुळे चूकही होऊ शकते. डोक्यावर वर्षाला ३६ टक्के व्याजाचे कर्ज असताना अडीअडचणीच्या पाकिटात मोठी रक्कम अडकवून ठेवणे तोट्याचे आहे. महाग कर्ज असल्यास थोडीशी आकस्मिक रक्कम राखून उरलेल्या पैशाने प्रथम कर्ज फेडावे, हा या पद्धतीचा अपवाद होय.

रोख रकमेच्या मर्यादा

घरात ठेवलेल्या रोख रकमेवर व्याज मिळत नाही, महागाईने तिची क्रयशक्ती घटते आणि चोरीची भीती राहते. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी ५०० व १,००० रुपयांच्या नोटा चलनातून रद्द झाल्या, तेव्हा डब्यांत जपलेली गृहिणींची बचत बँकेच्या रांगेत आली, हा अनुभवही विसरता येत नाही. म्हणून महिन्याच्या आत लागणारी रक्कमच पाकिटात असावी. वार्षिक निधी वेगळ्या बचत खात्यात ठेवावा. २८ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री जन-धन योजनेमुळे किमान शिलकीची अट नसलेले खाते सर्वसामान्यांच्या आवाक्यात आले आहे.

२०१६ मध्ये यूपीआय सुरू झाल्यापासून चहाचे पैसेही मोबाईलवरून दिले जातात. व्यवहार सुलभ झाला, पण पाकीट रिकामे होताना दिसण्याची सोय गेली. यावर उपाय असा, की मुख्य खाते यूपीआयला न जोडता एक दुसरे छोटे खाते जोडावे आणि त्यात आठवड्याची रक्कमच भरावी. पाकीट कागदाचे असो वा खात्याचे, त्याची मर्यादा खर्चापूर्वी ठरली पाहिजे.

अनियमित उत्पन्नाची कुटुंबे

खरिपाचे पीक विकणारा शेतकरी, हंगामी मजूर, फेरीवाला यांना पहिल्या तारखेचा पगार नसतो. 'पोर्टफोलिओज ऑफ द पुअर' या २००९ च्या ग्रंथात बांगलादेश, भारत व दक्षिण आफ्रिकेतील गरीब कुटुंबांच्या वर्षभराच्या आर्थिक नोंदवह्यांचा अभ्यास आहे. त्यांतील प्रत्येक कुटुंबाकडे कोणत्या ना कोणत्या स्वरूपात बचतही होती आणि कर्जही होते. गरिबांचे उत्पन्न केवळ कमी नसते, तर ते अनियमित व अनिश्चितही असते, हा या अभ्यासाचा सार आहे. अशा कुटुंबांनी पाकिटे खर्चाच्या प्रकारांऐवजी महिन्यांची करावीत. पीक विकल्यावर प्रथम पुढील हंगामाच्या बियाणे-खतांची रक्कम वेगळी काढावी आणि उरलेली रक्कम पुढील पिकापर्यंतच्या महिन्यांत वाटावी. १९९२ मध्ये नाबार्डने प्रायोगिक स्वरूपात सुरू केलेल्या बचतगट-बँक जोडणी कार्यक्रमामुळे ग्रामीण महिलांना घराबाहेर सुरक्षित राहणारे एक सामूहिक पाकीटच मिळाले.

कर्जाच्या बाबतीत, रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार वार्षिक ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेले विनातारण कर्ज सूक्ष्मवित्त कर्ज समजले जाते आणि सर्व कर्जांचे मिळून मासिक हप्ते मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपेक्षा अधिक असू नयेत, अशी मर्यादा आहे. आपल्या उदाहरणातील कुटुंबाला ५०० रुपयांचा हप्ताही जड जातो, हे पाहता ही कमाल मर्यादा म्हणजे सुरक्षित मर्यादा नव्हे, हे ध्यानात येईल.

पाकीट काय करू शकत नाही

कुटुंबाच्या खर्चाचे तीन प्रकार वेगळे ओळखले पाहिजेत. ज्याची वेळ व रक्कम अंदाजे ठाऊक आहे, त्यासाठी वार्षिक निधी. जो अनपेक्षित पण लहान आहे, त्यासाठी अडीअडचणीचा निधी. जो अनपेक्षित आणि प्रचंड आहे, उदाहरणार्थ शस्त्रक्रिया, त्यासाठी कोणतेही पाकीट पुरत नाही. तेथे जोखीम अनेकांत वाटून घेणारा विमाच हवा. २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबास रुग्णालयातील उपचारांसाठी वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे, त्यामागील तर्क हाच होय.

शिवाय आवश्यक गरजांचीच बेरीज उत्पन्नापेक्षा अधिक असेल, तर विभागणीने उत्पन्न वाढत नाही. अशा कुटुंबाला नियोजनाचा उपदेश करणे म्हणजे रोजगार, वेतन, शिधावाटप व सार्वजनिक आरोग्य यांची जबाबदारी त्याच्याच माथी मारणे होय. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ सारख्या तरतुदी म्हणूनच आवश्यक ठरतात. धान्याचे पाकीट हलके झाले, तरच शिक्षणाच्या पाकिटात काही पडू शकते.

समारोप

सारांश, पाकीट पद्धतीचे खरे बळ काटकसरीपेक्षा पूर्वतरतुदीत आहे. ती वर्षाचे ओझे बारा महिन्यांत वाटते, खर्चाची मर्यादा खर्चापूर्वी दाखवते आणि शिल्लक खरी किती व भासमान किती हे सांगते. आपल्या उदाहरणातील कुटुंबाने वर्षभर शिस्त पाळली तर त्याच्याकडे केवळ ६,००० रुपये उरतील. रक्कम लहान आहे. पण जूनमध्ये मुलाची फी भरताना कोणाच्या दारात उभे राहावे लागणार नाही.

सरावासाठी प्रश्न

१) एंगेलचा नियम सांगून २०११-१२ व २०२३-२४ च्या आकडेवारीच्या आधारे त्याची चर्चा करा.
२) भारताचा संचित निधी, लोकलेखा व आकस्मिकता निधी यांतील फरक स्पष्ट करा.
३) 'वार्षिक अंदाजपत्रक संतुलित असूनही रोखतेची तूट संभवते.' शासन व कुटुंब यांच्या संदर्भात उदाहरणासह विवेचन करा.
४) 'मानसिक हिशेब' ही संकल्पना स्पष्ट करून तिचे लाभ व मर्यादा सांगा.
५) वार्षिक निधी, अडीअडचणीचा निधी व विमा यांपैकी कोणते साधन कोणत्या प्रकारच्या खर्चास योग्य, हे सकारण लिहा.